दुःखही खरे, चौकशीही हवी

हौसेने आणलेला प्राणी घरी येऊन आठवडाही होत नाही, आणि एका सकाळी तो काचेच्या पेटीत निश्चल पडलेला दिसतो. कुत्रा किंवा मांजर असेल तर शेजारीपाजारी दोन शब्द बोलून जातात. सरडा, पाल, साप किंवा कासव असेल तर पहिला उद्गार ठरलेला असतो : ‘एवढंच ना? दुसरं आणा.’ पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली या पट्ट्यातल्या फ्लॅटमध्ये बेअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको, इग्वाना, स्लायडर कासव ही नावे आता अनोळखी राहिलेली नाहीत. भुंकणे नाही, केस गळणे नाही, रोज खाली फिरवायला न्यायचे नाही, सोसायटीची हरकत नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घराला हे सोयीचे वाटते. हे प्राणी घरात आले, तसे त्यांचे अचानक जाणेही घरात आले. या मृत्यूकडे किरकोळ म्हणून पाहता येणार नाही. त्यात एका मुलाचे दुःख असते, आईवडिलांची टोचणी असते, विकणाऱ्याची जबाबदारी असते आणि या साऱ्यामागे देशोदेशींतून जिवंत माल हलवणारा व्यापार असतो. म्हणून या प्रसंगाचा विचार भावनेच्या आणि हिशेबाच्या, दोन्ही अंगांनी करायला हवा.

आधी दुःखाबद्दल. सरपटणारा प्राणी माणसाला ओळखून शेपूट हलवत नाही, कुशीत येऊन झोपत नाही. त्यातून तो घरात राहिला किती, तर चार-सहा दिवस. मग त्याच्यासाठी जेवण न जाणे हा अतिरेक नव्हे का, असे विचारणाऱ्यांचे म्हणणे सरळ धुडकावण्यासारखे नाही. वर्षानुवर्षे सोबत केलेल्या कुत्र्याचा वियोग आणि हा वियोग एकसारखे नाहीत. पण ‘वेगळे’ आणि ‘कमी’ यांत फरक आहे. जुना प्राणी जातो तेव्हा मागे आठवणी उरतात. नवा प्राणी जातो तेव्हा उरतो फक्त बेत. पेटी कुठे ठेवायची, दिवा कोणता घ्यायचा, नाव काय ठेवायचे, सुट्टीत त्याच्याकडे कोण बघणार, यांवर घरात महिनाभर बोलणे झालेले असते. मुलाने वाढदिवसाचे पैसे साठवलेले असतात. ते सारे एका रात्रीत निरर्थक होते. आणि मनाला धरून राहायला आठवणी नसल्यामुळे रिकाम्या जागेत एकच विचार शिरतो : आपल्याच हातून काही चुकले.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर एक ग्रंथ संपादित केला. ज्या शोकाला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही, तो उघडपणे व्यक्त करता येत नाही आणि म्हणूनच अधिक सलतो, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे. पाल गेली म्हणून रजा मागता येत नाही. वर्गात सांगितले तर मुले हसतात. त्यामुळे पहिली गोष्ट अगदी साधी आहे. घरातल्या मोठ्यांनी हे दुःख दुःख म्हणून ऐकून घ्यावे. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची आवड असण्याची गरज नाही. ही खिन्नता आठवडे उलटूनही उतरत नसेल, झोप आणि शाळा-नोकरी बिघडत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला संकोच करू नये. २०२२ पासून चालणारी ही सरकारी सेवा कोणत्याही मानसिक त्रासासाठी आहे.

आपल्या घरांत अशा वेळी दोन जुनी वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणते, ‘घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं.’ दुसरे म्हणते, ‘कासव मेलं, लक्षण बरं नाही.’ पहिल्या वाक्यात कृतज्ञता आहे. ज्या घराला त्याने धीर येतो, त्या घराशी वाद घालण्यात काही अर्थ नाही. पण त्याचा एक तोटा आहे : संकट त्याने घेतले असे ठरले की तो का मेला हे कुणी विचारत नाही. दुसरे वाक्य मात्र अपायच करते. देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असते म्हणून घरातले जिवंत कासव लक्ष्मी आणते, ही समजूत आधीच पुष्कळ कासवांच्या जिवावर उठली आहे. त्यात मृत्यूला अपशकुन ठरवले की ज्या मुलाने ते आणायचा हट्ट धरला होता, त्याच्या डोक्यावर सगळ्या घराच्या भवितव्याचे ओझे येते. हे बोलणे ज्येष्ठांच्या तोंडून आले तरी ते नम्रपणे पण तिथेच थांबवावे.

दुःखाची ही बाजू मान्य केली की कठीण प्रश्न समोर येतो : चूक कोणाची?

एक पक्ष म्हणतो, चूक पाळणाऱ्याची. सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीरात स्वतःची ऊब निर्माण करण्याची सोय आपल्यासारखी नसते. तो बाहेरच्या उष्णतेवर जगतो. अन्न पचवायलाही त्याला ऊब लागते. बेअर्डेड ड्रॅगनला ऊन खाण्याच्या जागी साधारण ४० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला गारवाही लागतो. दिवसा फिरणाऱ्या सरड्यांना आणि कासवांना अतिनील किरणांचा, म्हणजे यूव्हीबीचा, दिवा लागतो. तो नसेल तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामाला उपयोगी पडत नाही, कारण काच हे किरण अडवते. पनवेलच्या पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस ओलसर राहते; वीज गेली की दिवा बंद, पेटी थंड, आणि दमट गारठ्यात श्वसनाचे आजार बळावतात. त्यात नवलाई म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या मित्रांनी प्राणी हातात घेऊन पाहिलेला असतो. ‘फार काही लागत नाही याला’ हे विकणाऱ्याचे वाक्य खरे मानून आणणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, असे हा पक्ष म्हणतो. ते बरोबरच आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, तो प्राणी घरी आला तेव्हाच मरणाच्या वाटेवर होता. या म्हणण्यालाही भक्कम आधार आहे, आणि तो आपल्या जवळच सापडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत सहारच्या हवाई मालवाहतूक संकुलात एक खेप अडवली. कागदोपत्री ते शोभेचे मासे होते. आत कासवे, इग्वाना, सरडे, बॉल पायथन असे ६६५ प्राणी निघाले. त्यांपैकी ११७ मेलेले होते. सहांत एकाहून जास्त प्राणी दुकानाचे तोंड पाहण्याआधीच संपले होते. ही खेप पकडली गेली नसती, तर उरलेले प्राणी तहानलेले, भेदरलेले, जंतांनी पोखरलेले असे कुठल्या ना कुठल्या घरी पोहोचले असते. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी साप सापडले. म्हणजे हा ओघ थांबलेला नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ तर पनवेलच्या उंबरठ्यावरच आहे. तिथल्या सीमाशुल्क आणि वनखात्याच्या यंत्रणेला पहिल्यापासून या कामाची तयारी लागेल.

परदेशातली परिस्थिती तरी वेगळी आहे का? डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे एका घाऊक व्यापाऱ्याकडून २६ हजारांहून जास्त प्राणी जप्त झाले. त्यांतले सुमारे ८० टक्के आजारी, जखमी किंवा मेलेले होते. सहा आठवड्यांच्या उलाढालीत ७२ टक्के प्राणी मरणे हे या धंद्यात नेहमीचेच मानले जाते, अशी माहिती त्या प्रकरणाच्या अभ्यासातून पुढे आली. दुकानाच्या काचेमागे दिसणारा प्राणी म्हणजे अशा चाळणीतून उरलेला प्राणी असू शकतो. शिवाय सरपटणारे प्राणी आजार लपवतात. रानात अशक्तपणा दिसला की शिकारी झडप घालतो, म्हणून शेवटपर्यंत ठीक दिसणे हा त्यांचा स्वभाव. ‘कालपर्यंत तर चांगला होता’ हे जवळपास प्रत्येक घरातून येणारे वाक्य खोटे नसते. पण त्यातून तो निरोगी होता असेही सिद्ध होत नाही.

दोन्ही पक्षांचे थोडे थोडे बरोबर, असे म्हणून इथे सुटता येणार नाही. काळाचा हिशेब काही गोष्टी स्पष्ट करतो. यूव्हीबी नसल्याने किंवा कॅल्शियम कमी पडल्याने येणारा हाडांचा आजार आठवड्याभरात मारत नाही. त्याला महिने लागतात. म्हणून ‘दिवा चुकीचा घेतला म्हणून चौथ्या दिवशी गेला’ ही टोचणी बहुधा निराधार असते. पाण्याचा दीर्घकाळ अभाव, जंतांचा मोठा भार, प्रवासाचा ताण, आधीपासून मुरलेला संसर्ग यांची सुरुवात घराबाहेर झालेली असते. उलट अतिउष्णता काही तासांत मारू शकते. दिव्याला थर्मोस्टॅट नसणे, पेटी थेट उन्हात ठेवणे, बंद गाडीत डबा राहणे ही घरातली कारणे आहेत, आणि ती कबूल करायला हवीत. तेव्हा अंदाजावर स्वतःला फाशी देऊ नये आणि अंदाजावर स्वतःला निर्दोषही ठरवू नये. पेटीतले तापमान किती होते, खाल्ले काय, शी केली का, तोंडातून फेस आला का, कोणत्या दिवशी कुठून आणला, हे सगळे त्याच दिवशी कागदावर उतरवावे. दुःखात स्मरण लवकर बदलते.

त्याआधी एक काम अधिक तातडीचे. प्राणी खरोखर गेला आहे का, याची खात्री करावी. थंडीने गारठलेला सरडा किंवा कासव तासन्‌तास दगडासारखे पडून राहू शकते. त्याच्या हृदयाचे ठोके इतके मंद होतात की बोटांना कळत नाहीत. म्हणून त्याला सावकाश ऊब द्यावी, एकदम दिव्याखाली धरू नये, आणि पशुवैद्याला दाखवावे. शंका असताना घाईने पुरणे ही अशी चूक आहे की जिची भरपाई नाही.

मृत्यू नक्की झाला की शवविच्छेदनाचा प्रश्न उरतो. ज्यांना ते नको असते, त्यांची कारणे समजण्यासारखी आहेत : खर्च होतो, मुलाला कापाकापीची कल्पना सहन होत नाही, आणि गेलेला जीव काही परत येत नाही. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य थोडे आहेत. पण शवविच्छेदनाच्या बाजूने पाहिले तर फायदा दुहेरी आहे. घरात दुसरा सरडा किंवा साप असेल, तर पहिल्याला संसर्ग होता का हे कळणे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. लेपर्ड गेकोंना होणारा क्रिप्टोस्पोरिडियमचा संसर्ग तर पेटीतून, भांड्यातून, हातांतूनही पसरतो. आणि ‘माझ्यामुळे गेला का’ या प्रश्नाला निदान काही पुरावा मिळतो. आमच्या मते घरात दुसरा सरपटणारा प्राणी असेल किंवा पुढे आणायचा विचार असेल तर शवविच्छेदन करून घ्यावे. नसेल तर तो निर्णय कुटुंबावर सोडावा. करायचे ठरले तर शरीर पिशवीत नीट बांधून, अन्नापासून दूर, फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवावे. फ्रीझरमध्ये ठेवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणीला काही हाती लागत नाही. एखाद-दोन दिवसांत ते पोहोचले पाहिजे. पनवेलकरांसाठी परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय लोकलच्या अंतरावर आहे. १८८६ पासून ही संस्था प्राण्यांच्या आजारांचे शिक्षण देत आली आहे. आधी फोन करून चौकशी करावी, मगच निघावे. मेलेल्या प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यांचा धोका जास्त. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. आपल्याकडे मात्र नाण्याएवढी पिल्ले काचेच्या वाडग्यात घालून दिली जातात.

मुलांशी काय बोलावे, यावर घराघरांत मतभेद होतात. काही पालक तसाच दिसणारा दुसरा प्राणी गुपचूप आणून ठेवतात. हेतू मायेचा असतो. मूल फार लहान असेल तर ते कदाचित निभावतेही. पण शाळेत जाणारे मूल ठिपके ओळखते, सवयी ओळखते. फसवणूक कळली तर प्राणी जाण्यापेक्षा ती जास्त लागते. ‘तो झोपला’ असे सांगण्यातही धोका आहे. काही मुले त्यानंतर झोपायलाच घाबरतात. ‘देवाघरी गेला’ हे घराच्या श्रद्धेशी सुसंगत असेल तर जरूर म्हणावे, मात्र त्याच्या जोडीने ‘त्याचं शरीर थांबलं, आता ते पुन्हा सुरू होणार नाही’ हेही सांगावे. चारपाच वर्षांचे मूल ‘मग परत कधी येणार?’ असे पुन्हा पुन्हा विचारते. ती हट्टाची खूण नाही. मृत्यू कायमचा असतो, हे त्या वयात हळूहळू उमगते. निरोपाची कृती मुलाला करू द्यावी. सोसायटीच्या बागेत परवानगीने, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरावे. गाढी नदीत किंवा वडाळे, विसराळे, कृष्णाळे अशा तळ्यांत शव टाकू नये. ‘आता नकोच’ म्हणून मागे राहिलेले जिवंत कासवही तिथे सोडू नये. स्लायडर कासव मूळचे अमेरिकेतले आहे आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींत त्याची गणना होते. ते इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

कायद्याचा मुद्दाही टाळता येत नाही, कारण या मृत्यूंभोवती त्याचीच भीती दाटलेली असते. तारा कासव, घोरपड, नाग, धामण, अजगर हे आपले प्राणी आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पूर्ण संरक्षण आहे. तारा कासव २०२२ च्या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीत आले. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. बॉल पायथन, हिरवा इग्वाना यांसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी जाती ज्यांच्याकडे आहेत, त्यांना नोंदणी बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले. जन्म आणि हस्तांतर यांच्याप्रमाणे मृत्यूही कळवायचा असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शिक्षेच्या भीतीने लोक आजारी प्राणी डॉक्टरकडे नेतच नाहीत, आणि प्राणी मरतो. हे खरे आहे, आणि वनखात्याने त्याचा विचार करायला हवा. स्वतःहून प्राणी सोपवणाऱ्या कुटुंबाला आणि साठा करून विकणाऱ्याला एकाच मापाने मोजले गेले तर ते कुटुंब कधी पुढे येणार नाही. पण त्या आक्षेपातून कायदा सैल करावा असा निष्कर्ष निघत नाही. मागणी टिकली तर रानातून पिल्ले उचलली जातच राहतील, आणि घराघरांत होणारे मृत्यूही वाढतील. संरक्षित प्राणी घरात जिवंत असेल तर तो आजारी पडण्याची वाट न पाहता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मेला असेल तरी परस्पर पुरू नये.

आता शेवटचा आणि खरा वादाचा प्रश्न : पुन्हा प्राणी आणावा का? सरपटणारे प्राणी घरात पाळणेच गैर, असे मानणारे २०१२ मधील एका ब्रिटिश लेखाचा दाखला देतात. त्यात अशा प्राण्यांतले किमान ७५ टक्के घरी आल्यापासून वर्षाच्या आत मरतात, असा अंदाज होता. विरुद्ध बाजूचे लोक २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या पाळणाऱ्यांकडून गोळा केलेल्या माहितीकडे बोट दाखवतात. तिथे पहिल्या वर्षातले मृत्यू ३.६ टक्केच निघाले. हे दोन आकडे एकमेकांना छेद देतात खरे. परंतु याच दुसऱ्या पाहणीत शॅमेलिअनचा आकडा २८.२ टक्के होता, आणि अजगरवर्गीय सापांचा फार कमी. म्हणजे कोणता प्राणी, कुठून आलेला, कोणाच्या हातात, यांवर सारे अवलंबून आहे. शिवाय ती पाहणी जिथली आहे तिथे पैदास करणारे, पशुवैद्य आणि साधने हाताशी आहेत. इथल्या एखाद्या फ्लॅटमधल्या पहिल्यावहिल्या पाळणाऱ्याला तो आकडा जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे ठरेल. दुसरीकडे, सरड्या-सापांच्या आवडीतूनच पुढे अभ्यासक आणि सर्पमित्र घडतात. मुलाची ओढ एका मृत्यूमुळे कायमची मिटवून टाकणे हाही तोटाच आहे. त्या ओढीला पेटीच लागते असे नाही. कर्नाळ्याच्या रानात पावसाळ्यानंतर जाणकारासोबत घालवलेली एक सकाळ बरेच काही शिकवते.

आमचा कौल असा. दुःखाच्या भरात, मूल रडते म्हणून, त्याच आठवड्यात दुसरा प्राणी आणू नये. पहिला का गेला याचे शक्य तेवढे उत्तर मिळवावे. पेटी निर्जंतुक करावी, लाकडी वस्तू टाकून द्याव्यात, आणि रिकामी पेटी निदान पंधरा दिवस चालवून तिचे तापमान दिवसरात्र नोंदवावे. प्राणी बंदिवासात जन्मलेला आहे याचा कागद, नोंदणी लागत असेल तर तिची पूर्तता, आणि तपासायला तयार असलेला पशुवैद्य, या तीन गोष्टी आधी हाताशी असाव्यात. त्यांतली एक जरी नसली तरी आणू नये. आज पनवेल परिसरातल्या बहुतेक घरांना या तिन्ही गोष्टी एकत्र जमणे अवघड आहे. म्हणून बहुतेकांसाठी प्रामाणिक उत्तर ‘सध्या नको’ हेच आहे, आणि तसे म्हणणाऱ्या आईवडिलांना कठोर समजू नये.

पण सगळा भार घरांवर टाकून भागणार नाही. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेने आणि वनखात्याने मिळून आपल्या हद्दीतल्या दुकानांच्या या नोंदी एकदा तपासाव्यात. प्राणी कुठून आला आणि त्याच खेपेतले किती दगावले, हे ग्राहकाला विकत घेण्याआधी सांगितले जावे, असा आग्रह आपणही धरावा. ज्याचा नवा प्राणी गेला आहे, त्याच्या हातात बिल, तारखा आणि कदाचित शवविच्छेदनाचा अहवाल आहे. संशय असेल तर हे कागद जोडून त्याने वनखात्याला आणि मंडळाला लेखी कळवावे. एका घराची तक्रार फाइलीत पडून राहील. त्याच दुकानाबद्दल दहा घरांच्या तक्रारी आल्या तर चौकशी टाळता येणार नाही.